कार्ड की डबी? गावात बसून ठरवायचं असेल तर

वैशाखात भाची चार दिवस राहायला आली. पिशवीत कपडे कमी आणि कागदच जास्त. सपरीवर चटई टाकून तिनं सगळं मांडलं: सहा-सात शुभेच्छापत्रं, तीन लहान डब्या आणि एक षटकोनी पेटी, जिचं झाकण काही केल्या बसत नव्हतं. मग म्हणाली, "मावशी, दोन्ही जमते मले. पण पुढं काय करू? कार्डं का डब्या? दोन्हीचं सामान घ्याइतके पैसे नाही माह्याजवळ."

मी हिंगणघाटच्या बाजूच्या एका खेड्यात राहते. पहिली तीन वर्षं फक्त कार्डं केली, नंतर हळूहळू डब्यांकडे वळले. तरी तिला उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण हा प्रश्न नुसत्या कागदाचा नाही. घरात जागा किती, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत हात मोकळे असतात का, गावात आणि नात्यात कार्यक्रम कसे होतात, यावर सगळं अवलंबून आहे. तिला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते आहे.

आधी कागद

दोन्ही कामांना कागदच लागतो, पण एकच कागद दोन्हीकडे चालत नाही. नव्या बायका सगळ्यात जास्त पैसे इथंच घालवतात.

दुकानात गेलात की जीएसएम हा शब्द कानावर पडेल. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए फोर आकाराचे 16 कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणून 80 जीएसएमचा झेरॉक्सचा एक कागद 5 ग्रॅमचा असतो आणि 300 जीएसएमचा कार्डशीट जवळपास 19 ग्रॅमचा. "हा तीनशेचाच आहे ताई," असं दुकानदार म्हणाला, तर दहा कागद किराण्याच्या काट्यावर टाकून पाहा. 185 ते 190 ग्रॅम भरले तर माल खरा. मी दोनदा असं केलं. एकदा कागद हलका निघाला आणि दुकानदाराचं तोंड उतरलं.

कार्डाला 220 ते 250 जीएसएम पुरतो. डबीला 300 च्या खाली जाऊ नका, नाहीतर लाडू ठेवला की तळ पोटासारखा खाली येतो.

दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही. मिलच्या कागदाला कापडासारखी उभी-आडवी दिशा असते. कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून पाहा: एका बाजूनं सहज वाकतो, दुसऱ्या बाजूनं अडतो. सहज वाकतो त्या बाजूनं घडी घातली तर धार स्वच्छ येते. उलट्या बाजूनं घातली तर घडीवर रंग फुटतो आणि पांढऱ्या भेगा दिसतात. कार्डाला घडी एकच, त्यामुळे ती योग्य बाजूनं घालता येते. डबीला मात्र चारही बाजूंनी घड्या लागतात, म्हणजे दोन घड्या कागदाच्या मनाविरुद्धच जाणार. म्हणून डबीच्या प्रत्येक घडीवर आधी रेघ दाबून घ्यावी लागते, कार्डाला ती एकदा दाबली की झालं.

हातकागदाची गोष्ट वेगळी. तो सुती चिंध्यांपासून, होजिअरीच्या कातरणांपासून बनवतात. एकेक ताव साच्यात उचलतात, त्यामुळे त्यातले तंतू सगळीकडे फाकलेले असतात आणि तो कुठूनही घडी घालू देतो. कार्डासाठी याच्यासारखा कागद नाही. कड ओबडधोबड राहिली तरी तीच शोभते, शाई बसते आणि हाताला ऊब लागते. पण जाडी सगळीकडे सारखी नसते. एका डबीवर झाकण घट्ट बसेल, तर दुसरीवर ढिलं. हातकागदाची डबी करायचीच असेल तर आत पातळ पुठ्ठा घ्या आणि हातकागद त्यावर लपेटा. एकाच बाजूनं लपेटलात तर पुठ्ठा वाळताना धनुष्यासारखा वाकतो, तेव्हा आतूनही कागद चिकटवावा लागतो. म्हणजे काम दुप्पट.

वर्धा जिल्ह्यात राहून हातकागदाबद्दल बोलायचं आणि मगनवाडीचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ तिथंच सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत, आणि तेलघाणी, मधमाशी यांच्यासोबत हातानं कागद करणं हाही त्यांच्या कामातला एक धंदा होता. 1938 साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे. एकदा जाऊन या. या मातीत हे काम नवीन नाही, हे तिथं गेल्यावर कळतं.

तरीही घरी कागद बनवायच्या भरीस पडू नका, निदान विक्रीसाठी तरी. मी केला आहे. रद्दी रात्रभर भिजवायची, मिक्सरमधून काढायची, टबात पाणी घेऊन त्यात लगदा सोडायचा आणि जाळीच्या चौकटीनं उचलून जुन्या सुती लुगड्यावर पालथा घालायचा. मे महिन्यात तो दुपारपर्यंत खडखडीत वाळतो. श्रावणात तिसऱ्या दिवशीही ओलसर आणि वास मारणारा. दिवसभरात माझे पंधरा ताव झाले होते. त्यांना खळ दिली नव्हती, म्हणून त्यावर पेन टेकवलं की शाई फुटायची. तांदळाच्या पेजेचा हात फिरवल्यावर जरा बरं झालं. शेजारची म्हणाली, "पऱ्हाटी एवढी पडली हाय धुऱ्यावर, तिचाच कागद कर ना!" पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, लगदा होतो, पण त्यासाठी ती क्षारात शिजवावी लागते. ते चुलीवरचं काम नव्हे.

एका कागदातून काय निघतं

एक ए फोर मधोमध कापला आणि दोन्ही तुकडे दुमडले की दोन कार्डं झाली, प्रत्येकी साडेदहा बाय पंधरा सेंटिमीटरच्या आसपास. पण कार्ड उघडं विकलं जात नाही, त्याला पाकीट लागतं. हे पाकीट 100-120 जीएसएमच्या कागदाचं, आणि एका ए फोरमधून एकच निघतं. म्हणजे दोन कार्डांना प्रत्यक्षात तीन कागद. हा हिशोब सुरुवातीला मी धरलाच नव्हता. पाकिटं बाजारातून आणायची, आणि ती कार्डापेक्षा चार मिलिमीटर लहान निघायची.

आता डबी. तळ सात बाय सात, उंची तीन सेंटिमीटर. यासाठी तेरा बाय तेराचा चौकोन लागतो. झाकण सव्वासातपेक्षा थोडं मोठं, दोन सेंटिमीटर उंच, म्हणजे 11.3 चा चौकोन. हे दोन्ही एकाच ए फोरमधून निघतात, आणि बाजूला आठ सेंटिमीटर रुंदीची एक लांब पट्टी उरते. त्या पट्टीचे पाच तुकडे केले, दुमडले आणि भोक पाडून दोरा घातला की पाच चिठ्ठ्या तयार. या चिठ्ठ्यांचं पुढं सांगते.

गोंद नको असेल तर घडीची डबी करता येते. चौरस कागदाचे कोपरे मध्यावर आणायचे, मग बाजू मध्यावर, मग उभी करायची. चौरसाच्या बाजूला 2.83 नं भागलं की तळाची बाजू मिळते, आणि उंची तिच्या निम्मी. 21 सेंटिमीटरच्या चौरसातून 7.4 ची डबी होते. खालच्या डबीचा कागद अर्ध्या सेंटिमीटरनं लहान घ्या. ही डबी पातळ कागदाचीच होते, जाड कागद इतक्या घड्या सोसत नाही. हळदीकुंकवाच्या हलव्याला ती उत्तम, पण बेसनाच्या लाडवाला नको.

भाचीची षटकोनी पेटी का बसत नव्हती, ते पाहायला मी तिला दुपारी समोर बसवलं. ती रेघ पेन्सिलनं आखत होती आणि घडी नखानं दाबत होती. मी तिला शाई संपलेलं बॉलपेन दिलं. स्टीलची पट्टी धरायची, पेनाच्या टोकानं रेघेवर दोनदा दाबून ओढायचं, कागद कापला जाऊ नये पण खाच दिसावी. खाचेच्या उलट दिशेनं घडी घालायची, म्हणजे खाच बाहेर राहते. तिनं आधी आतल्या बाजूनं घातली, कागद अडून बसला. मग उलटी केली. "अगं, हे तं आपोआपच वाकते!" पेनाचं टोक मात्र गुळगुळीत हवं. घासलेलं असलं की कागदाचे कूस उठतात.

पण झाकणाचा दोष घडीचा नव्हता. तिनं झाकण तळाहून फक्त एक मिलिमीटर मोठं घेतलं होतं. हीच चूक मी एका बारशाच्या चाळीस डब्यांत केली आहे. 300 जीएसएमचा कागद साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत जाड असतो, पण कोपऱ्यात आत चिकटवलेल्या कानांनी ती जाडी वाढते, आणि पावसाळ्यात कागद ओल पिऊन फुगतो. भाद्रपदात मी डब्या केल्या, रात्री झाकणं बसत होती, सकाळी बसेनात. बारसं अकरा वाजता. शेवटी झाकणं घरी ठेवली, प्रत्येक डबीवर लाल दोरा आडवा-उभा गुंडाळला आणि तशाच दिल्या. कुणी काही बोललं नाही, पण पैसे मी अर्धेच घेतले. तेव्हापासून झाकण तीन मिलिमीटरनं मोठं, आणि पावसाळ्यात त्याहून चिमूटभर जास्तच.

वेळ आणि पैसा

आकडे माझ्या हाताचे आहेत, तुमचे वेगळे येतील. कार्डशीटचा कागद मला साधारण दहा रुपयांना पडतो. एक बरं कार्ड, म्हणजे वर काहीतरी कापून चिकटवलेलं, आत नीट अक्षरात लिहिलेलं, पाकिटासह, माझ्या हातून पंचवीस मिनिटांत होतं. सामान बारा रुपयांचं. तीस रुपयांना विकलं तर अठरा सुटतात, म्हणजे तासाला त्रेचाळीस-चव्वेचाळीस रुपये. यापेक्षा वेगात केलं की कार्ड वेगात केल्यासारखंच दिसतं.

डबी एकटी केली तर बारा-तेरा मिनिटं. पण वीस डब्यांचं काम एकदम घेतलं, आधी सगळं आखून, मग सगळं कापून, मग सगळ्या रेघा दाबून, शेवटी चिकटवून, तर डबीमागे आठ मिनिटं. सामान बारा रुपये, पन्नासच्या ऑर्डरीत विक्री पंचवीस. तेरा सुटतात, आणि तासाला सत्त्याण्णवच्या आसपास. कार्डाचं काम असं टप्प्यांत तोडता येत नाही, कारण प्रत्येक कार्डात थोडं डोकं घालावं लागतं. डबीला डोकं एकदाच, बाकी हात.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्नच मिटला. तसं नाही. नागपूरला इतवारीच्या घाऊक बाजारात छापील डब्या यापेक्षा स्वस्त मिळतात. तुमच्याकडे लोक यायचं कारण वेगळं असतं: घाऊकवाला शंभराचा गठ्ठा देतो आणि बारशाला एकवीसच हव्या असतात. किंवा आईला गुलाबी नको, अबोली हवी. किंवा डबीत सव्वापाच सेंटिमीटरचं चांदीचं नाणं बसवायचं असतं. लहान संख्या आणि हवा तो आकार, एवढीच आपली जागा आहे. मोठ्या ऑर्डरीच्या मागे लागलात तर भाव पाडून मराल.

कार्डाला हा घाऊकवाला आडवा येत नाही. त्याचा वैरी मोबाईल. सकाळी सहाला फुलांचं चित्र फुकट येतं, तर तीस रुपयांचं कार्ड कोण घेणार?

मग घेतं कोण

पहिल्या वर्षी मी तालुक्याच्या एका दुकानात तीस कार्डं ठेवली होती. "विकली की पैसे," असा बोल होता. चार महिन्यांनी गेले तर सव्वीस परत. काचेत उन्हाकडे तोंड करून ठेवली होती, लाल रंग विटका गुलाबी झाला होता. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही, त्याचे पैसे कुठं अडकले होते? विकत घेईल त्यालाच माल द्या, हे मी तिथं शिकले.

खेड्यात कार्ड आपण होऊन विकत घेणारे थोडेच. शाळेतली मुलं 5 सप्टेंबरला गुरुजींसाठी घेतात, बदली झालेल्या मॅडमना निरोपाला एक मोठं कार्ड लागतं, ज्यावर सगळ्यांच्या सह्या होतात. नवऱ्याच्या वाढदिवसाला नवी सून चोरून सांगते. हे सगळं मिळून वर्षाला शंभर कार्डांच्या वर माझ्याकडे कधी गेलं नाही.

एक अपवाद आहे, आणि तो भक्कम आहे: राखी. पुण्याला, सुरतला, फौजेत असलेल्या भावाला राखी पोस्टानं जाते. नुसती राखी पाकिटात टाकली की तिचा भुगा होतो. कार्डाला दोन चिरा पाडून त्यात राखीचा दोरा अडकवला, खाली दोन ओळी लिहिल्या, की ती सपाट जाते आणि वाचायलाही काही राहतं. राखी फुगीर मण्यांची नको, रेशमाची सपाट. आषाढ संपता संपता मी साठ-सत्तर करून ठेवते. ही कार्डं मात्र हातोहात जातात.

डबीचं गिऱ्हाईक वेगळं. डबी कुणी डबी म्हणून घेत नाही, आत काहीतरी द्यायचं असतं म्हणून घेतं. आणि आपल्याकडे द्यायचे प्रसंग वर्षभर असतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू, त्यात तिळगूळ आणि वाण. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार येणाऱ्या पोरांना बोजारा द्यायचा असतो. गेल्या वर्षी एका घरानं त्यासाठी तीस लहान डब्या घेतल्या, आत खोडरबर आणि चॉकलेट. महालक्ष्म्यांना सवाष्णींची ओटी. उन्हाळ्यात लग्नं, आणि लग्नात रुखवत. रुखवताच्या डब्यांना भाव चांगला मिळतो, कारण ती मांडायची वस्तू, आणि मुलीच्या आईला त्या दिवशी घासाघीस करायला वेळ नसतो. (हे मी मुलीची आई असतानाच शिकले.)

आत खायचं ठेवायचं असेल तर दोन गोष्टी पक्क्या. डबीत बटर पेपर घालाच, आणि वर्तमानपत्राचा कागद तर अजिबात नको. छपाईची शाई अन्नाला लागते म्हणून एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनंही वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं सांगितलं आहे. घरी केलेल्या रद्दीच्या कागदालाही तोच नियम लावा. दुसरं, चमकी म्हणजे ग्लिटर झाकणाच्या आतल्या बाजूला लावू नका. लाडवावर ते चांदीच्या वर्खासारखं दिसतं आणि पोर खाऊन टाकतं.

शेतीचं वेळापत्रक

शहरातल्या बाईला सांगताना हा भाग कुणी सांगत नाही, कारण तिथं तो नाहीच. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन घरात येतं, आणि लगेच कापसाची वेचणी लागते, ती संक्रांतीपर्यंत आणि पुढंही चालते. म्हणजे नेमकं डब्यांना मागणी असते तेव्हाच बाया वावरात. रोजमजुरी सोडून डबी चिकटवायला कोण बसणार? मी स्वतः कापसाला जाते. संध्याकाळी बोटं इतकी चिरलेली असतात की कागदावर डाग पडतात.

यावर एकच मार्ग आहे, आणि तो डबीलाच जमतो. चैत्र-वैशाखात गहू-हरभरा निघून गेलेला असतो, दुपारी 45 अंशांत कुणी बाहेर जात नाही, तेव्हा आखणी, कापणी आणि रेघा हे सगळं उरकून घ्या. डब्या चिकटवू नका. सपाट ठेवल्या तर शंभर डब्यांचा गठ्ठा जुन्या ट्रंकेत मावतो. दिवाळीला फक्त चिकटवायचं काम राहतं, ते कंदिलाच्या उजेडातही होतं. कार्डंही आधी करता येतात, पण ज्यावर नाव आणि प्रसंग लिहायचा ते ऐनवेळीच.

चिकटवायला फेव्हिकोलसारखा पांढरा गोंद घ्या. दुहेरी टेप सोपी आणि स्वच्छ, पण टिनाच्या छपराखाली मे महिन्यात तिचा गोंद पाघळतो आणि जोड सुटतो. पांढऱ्या गोंदाचं उलटं आहे, उन्हाळ्यात तो लावेपर्यंतच सुकायला लागतो, म्हणून एकावेळी एकच कान लावून दाबायचा. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण झुरळं आणि कसर तिच्यावर टपलेलीच असतात. पुस्तकं बांधणारे म्हणून तिच्यात मोरचूद टाकत. मोरचूद विषारी आहे. खायच्या डबीला तसली खळ चुकूनही नको.

ट्रंकेत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका, गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि ट्रंक भिंतीपासून हातभर लांब, विटांवर ठेवा. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते. तयार, चिकटवलेल्या डब्या ठेवायला मात्र अख्खी फळी लागते. घरात दोन खोल्या आणि सहा माणसं असतील तर तयार डब्यांचा साठा करूच नका. कार्डाला ही अडचण नाही, दोनशे कार्डं बुटाच्या खोक्यात राहतात.

बाहेरगावी पाठवायचं झालं तर

इथं कार्ड सरळसरळ जिंकतं. साध्या टपालानं जातं, दाबलं गेलं तरी मोडत नाही. डबीचं काय होतं पाहा. वरच्या मापाच्या पन्नास तयार डब्यांचं खरं वजन अर्धा किलोसुद्धा भरत नाही. पण कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 नं भागतात आणि तेवढे किलो धरतात. त्या पन्नास डब्या दीड किलोच्या वर जातात, म्हणजे पैसे हवेचे. त्यामुळे बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला डब्या सपाटच पाठवा, चिकटवायची जागा पेन्सिलनं दाखवून. बहुतेकींना ते करायला आवडतं. ज्यांना आवडत नाही त्यांना ऑर्डर घेतानाच विचारून घ्या.

सामान आणायला एसटीच. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर नागपूरची फेरी मला परवडायला लागली. वर्षातून दोनच फेऱ्या करते, एक उन्हाळ्याच्या आधी आणि एक राखीच्या आधी. तालुक्यात कागद मिळतो, पण दोन-तीनच रंग, आणि तेही शाळेच्या प्रकल्पांना लागतात ते.

मी कुणाला काय सांगेन

अक्षर देखणं आहे, चित्रं काढता येतात, घरात लहान मूल आहे त्यामुळे सलग तास मिळत नाही, तर कार्डांनी सुरुवात करा. अर्धवट कार्ड ठेवून उठता येतं, अर्धी चिकटवलेली डबी ठेवून उठता येत नाही. पण कमाईची आशा राखीपुरतीच ठेवा. बोगनवेलीची फुलं दाबून कार्डावर लावलीत तर ती छान टिकतात. पळसाच्या मागे लागू नका, दाबल्यावर ती काळी पडतात. मी दोन उन्हाळे वाया घालवले आहेत.

बचत गट आहे, चौघी एकत्र बसता, तर डब्याच. एकीनं आखायचं, दुसरीनं कापायचं, तिसरीनं रेघा, चौथीनं चिकटवायचं. कापणारी बाई एकच ठेवा, हात बदलला की माप बदलतं. उमेदच्या किंवा माविमच्या, म्हणजे सरकारी योजनांतल्या, गटांना प्रदर्शनात जागा मिळते, तिथं नुसत्या डब्यांपेक्षा गटातल्याच दुसरीच्या चिवड्यासह किंवा तिळाच्या लाडवांसह डब्या जास्त खपतात.

एकटी आहात, हातात पाचशेच्या आसपास रुपये आहेत, आणि दोन्हीची ओढ आहे, तर डब्या करा आणि कार्डाची हौस त्या उरलेल्या पट्टीवर भागवा. मघाशी म्हटलं होतं त्या चिठ्ठ्या. डबीला दोऱ्यानं बांधलेली एवढीशी चिठ्ठी, आत नाव आणि एक ओळ. तिला वेगळा कागद लागत नाही, पाकीट लागत नाही, लिहायला दोन मिनिटं. डबीचा भाव मात्र तीन-चार रुपयांनी वाढतो. रुखवताला तर लोक डबीपेक्षा चिठ्ठीच आधी वाचतात.

दोन्ही एकदम सुरू करायचं, असं कुणी म्हणत असेल तर तिनं निदान पहिलं वर्ष तरी करू नये. हत्यारं सारखीच लागतात, कटर, स्टीलची पट्टी, संपलेलं पेन, खाली घ्यायला जुना जाड पुठ्ठा. पण कागद वेगळे, हंगाम वेगळे, गिऱ्हाईक वेगळं. माझ्या कपाटात अजून अकरा रंगांचा सुटा हातकागद पडून आहे, कार्डांच्या दिवसांतला, प्रत्येक रंगाचे दोन-तीन ताव. कुठल्याच ऑर्डरीला तो पुरत नाही.

त्यातला अबोली रंगाचा ताव भाचीनं चौथ्या दिवशी मागून घेतला. जाताना तिनं ठरवलं ते डब्यांचंच. आईच्या गटात सहाजणी आहेत आणि तिच्या घरी दोन ट्रंका रिकाम्या आहेत म्हणे. षटकोनी पेटी तिनं इथंच सोडली. "झाकण नवीन करून ठेव मावशी," म्हणाली, "तीन मिलिमीटरनं मोठं." मी अजून केलं नाही, पेटीत सध्या शिवणाच्या गुंड्या आहेत.